रिकाम्या गावातले मतदान

हे लिहायला मी बसलो हाच थोडा आगाऊपणा आहे. आमच्या घरातून माझ्याआधी जे काही लिहून बाहेर गेले ते मुंबईच्या नातेवाइकांना खुशालीची कार्डे, आणि तीही गावातल्या मास्तरांच्या हातची. मी कॉलेजात आलो म्हणून मला लिहिता येते, असा माझा समज नाही. शिवाय ज्यांच्याविषयी लिहायचे ते माझे वडील आहेत, आणि त्यांना विचारून मी हे लिहीत नाही. विचारले असते तर ते म्हणाले असते, "तुका दुसरा काय काम नाय?" तेव्हा वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावे. मला फक्त एक गोष्ट समजून घ्यायची आहे. ज्या माणसाने जन्मात कुठल्या सभेत तोंड उघडले नाही, तो निवडणुकीला उभा कसा राहिला? आणि उभा राहिल्यावर जे झाले, ते त्याला कसे वाटले असेल?

आमचे गाव मालवणच्या उत्तरेला, खाडी आणि समुद्र यांच्या बेचक्यात आहे. वाळूच्या बाजूला होड्यावाल्यांची वाडी, आतल्या बाजूला आमची शेतकऱ्यांची. वडील गावाच्या मानकऱ्यांपैकी एक. ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाणे घालण्याचा, म्हणजे सगळ्या गावाचे मागणे मोठ्या आवाजात देवाला सांगण्याचा मान त्यांचा. प्रत्येक वाक्याला लोक "व्हय महाराजा" म्हणतात. एरवी वडील फार कमी बोलतात. मला लहानपणी वाटायचे की त्यांचे सगळे शब्द देवासाठी राखून ठेवलेले आहेत आणि आमच्या वाट्याला उरलेसुरले येतात.

ते जुन्या वळणाचे, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. सोमवारी नांगर धरत नाहीत. एस. टी. स्टँडवरच्या हॉटेलात चहा पीत नाहीत. वाचनालयात रेडिओ आला तेव्हा ते बाहेर दगडावर बसून ऐकायचे, आत या म्हटले तर म्हणत, "हयसून आयकाक येता मां?" आणि कौल घेतल्याशिवाय कुठलेही मोठे काम करत नाहीत. मी कोल्हापूरला शिकायला जावे की नाही हेही कौलानेच ठरले. गुरवाने पाकळ्या ओल्या करून देवाच्या डाव्या-उजव्या अंगाला चिकटवल्या, वडिलांनी विचारले, आणि आम्ही वाट बघत उभे राहिलो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. उजवी पडली. गुरवाने तिला पाणी जरा कमीच लावले होते असा मला अजून संशय आहे, पण तो मान्य करत नाही.

आता गावपळणीबद्दल सांगायला हवे, कारण सगळे त्यावरूनच झाले. तीन-चार वर्षांनी एकदा, कौल होईल तेव्हा, आमचा सगळा गाव शिवेबाहेर जाऊन राहतो. माणसेच नव्हे, गुरे, कोंबड्या, कुत्री, मांजरेसुद्धा. व्हाळाच्या, म्हणजे शिवेवरच्या ओढ्याच्या पलीकडे माडाच्या झापांच्या खोपी बांधायच्या, तिथेच रांधायचे, भजने करायची, बायकांनी फुगड्या घालायच्या. तीन रात्रींनी देवाला विचारून परत यायचे. तेवढे दिवस गावात कुणीही पाऊल टाकायचे नाही. का, ते मी लहानपणी पुष्कळांना विचारले. कुणी सांगितले भुतेखेते फिरतात, कुणी सांगितले देव गाव झाडून घेतो. वडिलांना विचारले तर म्हणाले, "गावाक पण जरा आपल्यापासून सुटी होयी." हे उत्तर मला इतके आवडले की पुढे मी कुणाला विचारले नाही.

पण ते सगळ्यांना आवडत नव्हते. मुंबईला गोदीत कारकुनी करून परत आलेले एक गृहस्थ होते. त्यांना आम्ही गोदीवाले काका म्हणायचो. ते पंचायतीचे मेंबर होते आणि माणूस वाईट नव्हता. शाळेवर कौले चढली ती त्यांच्या खटपटीने. आधीच्या गावपळणीत एक बाई खोपीत बाळंत झाली आणि तिचे फार हाल झाले, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यांनी पंचायतीत ठराव आणला: गावपळण ज्याच्या त्याच्या खुशीवर, त्या दिवसांत शाळा आणि पंचायत चालू राहील. ठराव पास झाला. वडिलांना तो मास्तरांनी वाचून दाखवला. मी तेव्हा घरीच होतो. वडिलांनी दोनदा वाचायला लावला.

"ठराव करून देवाचो नेम मोडतत?"

"कायद्यान तसा करता येता," मास्तर म्हणाले.

"मगे तो ठराव मोडूचो कसो?"

"ठराव मोडूक ठरावच लागता. आणि तो मांडूक मेंबर होवचा लागता."

वडील उठले आणि गोठ्यात गेले. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन मास्तरांना म्हणाले, "मेंबर होवक काय करूचा लागता, ता सांगा." दुसऱ्या दिवशी कौल घेतला, उभा राहू का म्हणून. उजवा पडला. निवडून येईन का, हे विचारले नाही. फळ विचारायचे नसते, असे त्यांचे म्हणणे. आमच्या प्रभागात त्यांच्यासमोर गोदीवाले काकाच उभे होते. वडिलांना कंदील ही निशाणी मिळाली, काकांना छत्री.

वडिलांचा प्रचार मी दिवाळीच्या सुट्टीत पाहिला, आणि तो मला अजून कोडे वाटतो. ते रोज संध्याकाळी एकेका घरी जायचे, पडवीत बसायचे, पान खायचे, भात कसे झाले, म्हैस दूध किती देते, असे बोलायचे आणि उठायचे. मी बरोबर असायचो. एकदा परतताना मी म्हटले, "तुम्ही मत मागितलंतच नाही."

"मागूक कित्याक? मी उभो आसंय ता तेंका म्हायत नाय?"

"तरी मागायचं असतं."

"मागतत ते भिकारी. मी तेंच्या घराक गेलंय, ह्या पुरे नाय?"

होड्यावाल्यांच्या वाडीत मात्र त्यांना कुणी असे सोडले नाही. तिथली एक म्हातारी आमच्या घरी मासळी घालायची. ती भर वाटेत कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय हो कंदीलवाले! मत व्हया मां? दितंय. पण उद्यापासून बांगड्यांक भाव करूचो नाय!"

"भाव माजी बायल करता."

"मगे मत पण तिकाच दितंय!"

सगळी वाडी हसली. वडीलही हसले. त्यांना लोकांत हसताना मी फार थोड्या वेळा पाहिले आहे.

त्याच सुट्टीत गावपळणीचा कौल घ्यायचा दिवस आला. देवळात माणूस मावत नव्हता. वडील गाऱ्हाण्याला उभे राहिले आणि सगळे नीट, शिस्तीत विचारले. जायचे का? उजवा. कुठे, व्हाळापलीकडे? उजवा. किती रात्री, तीन? उजवा. आणि कधीपासून? त्यांनी एक दिवस सांगितला. पाकळी डावी पडली. दुसरा सांगितला; डावी. तिसरा सांगितला, आणि उजवी पडली. "व्हय महाराजा" म्हणून लोकांनी हात जोडले. मीही जोडले.

घरी येऊन वडील पेज प्यायला बसले. आईने लोणच्याची फोड वाढता वाढता सहज विचारले, "त्या दिसांतच तुमचा मतदान मां?"

वडिलांनी पेजेची वाटी खाली ठेवली.

"सगळा इचारलात देवाक," आई म्हणाली, "तेवढाच ऱ्हवला?"

"याद ऱ्हवली नाय," वडील म्हणाले.

मला त्यांचे तोंड बघवेना, आणि खरे सांगायचे तर हसूही येत होते. मतदानाची तारीख सरकारने केव्हाच जाहीर केली होती. पंचायतीच्या भिंतीवर कागद चिकटवलेला होता. देवळात सगळा गाव जमला होता, त्यात दोन्ही उमेदवारांची माणसे होती, मास्तर होते, मी कॉलेजात शिकणारा होतो. एकालाही आठवले नाही. देवासमोर उभे राहिल्यावर सरकारी तारीख ही तारीख आहे असे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात येतच नाही. मतदान शाळेत होते, आणि शाळा गावाच्या मधोमध. गाव रिकामा असणार होता.

"परत कौल घ्या," मी म्हणालो. "दिवस बदलून मागा."

"एकदा दिलेलो कौल परत इचारूचो नसता. देव काय तुझ्या कॉलेजातलो मास्तर आसा, परत परत समजावूक?"

दुसऱ्या दिवशी गोदीवाले काका दुकानावर भेटले. ते खुशीत होते. "काय रे, तुझ्या बापाशीन आपल्याच पायार धोंडो घालून घेतल्यान! मी जातलंय मतदानाक. वाचनालयातली सगळी पोरा माझ्यावांगडा येतली. व्हाळ ओलांडूचो, मत घालूचा, परत येवचा. देव काय फाशी देवचो नाय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू शिकलेलो. तुका काय वाटता?"

माझे वय मतदानाचे नव्हते. मी तेच सांगितले. त्यांनी विचारले होते ते दुसरेच, हे मला कळत होते.

त्या संध्याकाळी आमच्या खळ्यात वडिलांची माणसे जमली. "तुमी सांगा, आमी जातंव," त्यांच्यातला एक म्हणाला. "ते जातत तर आमी कित्याक नको? मगे देवाक नारळ दिवया. तुमीच गाऱ्हाणा घाला, तो आयकतलो."

म्हणजे आता सगळे वडिलांच्या एका शब्दावर होते. ते गावपळण राखण्यासाठी उभे होते. निवडून यायचे तर गावपळण मोडायची होती, आणि ती पाळायची तर जागा काकांच्या हातात जाणार होती. मला वाटले, आता ते काय म्हणतात ते ऐकावे, पण ते एवढेच म्हणाले, "उद्या मालवणाक जातंय. कचेरीत."

मी त्यांच्याबरोबर गेलो. मामलेदार कचेरीत त्यांनी वहाणा पायरीखाली काढल्या. मी म्हटले, इथे काढायच्या नसतात. त्यांनी ऐकले नाही. साहेबांसमोर ते शुद्ध मराठीत बोलले. ते मी पहिल्यांदाच ऐकत होतो. गाऱ्हाण्यातली भाषाच थोडी बदलून घेतलेली होती.

"साहेब, त्या दिवशी आमचा गाव शिवेबाहेर आहे. मतदान व्हाळापलीकडे घ्यावे. नाहीतर दिवस बदलून द्यावा."

साहेब देशावरचे असावेत. त्यांनी सगळे समजून घेतले आणि म्हणाले, "तारीख माझ्या हातात नाही. तुम्हीच देवाकडून दुसरी तारीख घ्या ना."

"देवाला दोनदा विचारायचे नसते."

"आणि सरकारला?"

"सरकारला एकदाच विचारायला आलो आहे."

साहेब हसले. मग त्यांनी शिपायाला हाक मारली. शिपाई आमच्या बाजूच्याच गावचा. "या गावच्या मतदानाला तुम्ही जाणार आहात ना?"

"खंय? गावपळणीत? रिकाम्या गावात?" शिपायाने दोन्ही हात जोडले. "साहेब, माका त्या दिवसांत रजा होयी. माझी आवस आजारी आसा."

"केव्हापासून?"

"आता पडतली."

साहेब मोठ्याने हसले, पण वडील हसले नाहीत. त्यांना शिपायाचे म्हणणे बरोबर वाटत होते. शेवटी साहेब म्हणाले, "जागा बदलायची तर जिल्ह्याची परवानगी हवी. मी रत्नागिरीला लिहितो. उत्तर आले तर कळवीन. आले नाही तर मतदान शाळेतच होईल." वडिलांनी नमस्कार केला आणि उलट पावली मागे सरत बाहेर आले, जसे गाभाऱ्यातून येतात.

माझी सुट्टी संपेपर्यंत उत्तर आले नव्हते. निघण्याच्या दिवशी वडील माझी ट्रंक घेऊन स्टँडवर आले. मी विचारले, "उत्तर नाही आलं तर?"

"तर नाय इला."

"मग लोकांना जायला सांगणार?"

त्यांनी ट्रंक खाली ठेवली. मग म्हणाले, "तू काय केला असतस?"

वडिलांनी मला काही विचारण्याचा तो पहिलाच प्रसंग. मी लॉजिक शिकत होतो. वर्गात अशा पेचांना नावे असतात आणि ती मला येत होती. पण त्यांना काय सांगावे ते सुचेना. कणकवलीची गाडी लागली. त्यांनी ट्रंक टपावर चढवली आणि म्हणाले, "परीक्षेक ध्यान दी."

कणकवली, फोंडा, घाट आणि कोल्हापूर, एवढ्या प्रवासात मी त्यांच्याच प्रश्नाचा विचार करत होतो. मला स्वतःला गावपळणीचे काय वाटते, हेही मला नीट ठरवता येत नव्हते. त्या बाळंतीण बाईचे हाल मी विसरलो नव्हतो. काकांचे चुकते असे मला म्हणवत नव्हते. आणि तरी व्हाळ ओलांडणाऱ्या पोरांत मी स्वतःला पाहू शकत नव्हतो. भीती म्हणावी तर भुतांवर माझा विश्वास नाही. ते काय आहे, ते मला कोल्हापुरातल्या कुठल्या पुस्तकात सापडले नाही.

मतदानाचा दिवस वसतिगृहात गेला. नंतर वडिलांचे कार्ड आले, मास्तरांच्या अक्षरात. सगळे खुशाल, गाय व्याली, पाडा झाला, प्रकृतीस जपणे. निवडणुकीचा शब्दही नाही. हरले असतील म्हणून लिहिले नाही असे वाटले. मग वाटले, जिंकले असते तरी त्यांनी हेच लिहिले असते. पाड्याची बातमी मोठी, हे त्यांचे खरेच मत असणार.

मग एका सकाळी वसतिगृहाच्या फाटकात आमच्या गावचा मासळीवाला उभा दिसला. तो होड्यावाल्यांच्या वाडीतला. बर्फात घातलेली मासळी ट्रकने घाट चढवून कोल्हापूरच्या बाजारात आणायचा. आईने सुके बांगडे दिले होते, ते घेऊन आला होता. आमच्या रेक्टरांना वास आवडला नाही, म्हणून आम्ही रस्त्यावर जाऊन उभे राहिलो.

"मतदानाचं काय झालं?" मी आधी तेच विचारले.

"तुका म्हायत नाय? मेल्या, सगळो तालुको हसता!"

"रत्नागिरीचं उत्तर आलं होतं?"

"खंयचा उत्तर! कारकून नि पोलीस पेटी घेवन शाळेत येवन बसले. शिपाई रजेर. हयसर सगळो गाव व्हाळापलीकडे. सकाळीच तुझो बापूस व्हाळार उभो ऱ्हवलो नि सगळ्यांका म्हणालो, माका मत घालूक कोणी जावचा नाय. जो जायत तो माझो मनीस न्हय."

 वडिलांनी माझ्या उत्तराची वाट पाहिली नव्हती, हे बरेच झाले.

"आणि काका?"

"काका गेलो मां! ती वाचनालयातली पोरा घेवन. आयेबाया हयसून गाळी घालतत, ती पोरा खाली मान घालून चललीत. तुझ्या बापाशीन तेंका अडवल्यान नाय. उलट म्हणालो, जातास तर ह्ये शहाळे घेवन जावा, ते सरकारी लोक तानेन मरतले, बावींचे दोर आमी काढून हाडलंव."

"मग काका निवडून आले."

"आयक तर! दुसऱ्या दिसा मालवणात पेटी फोडली. छत्रीक मत किती? एक!"

"एक?"

"एक. काकाचा स्वताचा. तेची बायल सुद्धा आमच्यावांगडा खोपीत होती. बाकी सगळी मता कंदिलाक!"

मला समजेना. वडिलांच्या बाजूचा कुणी गेलाच नव्हता.

"अरे, त्या पोरांचीच!" तो पोट धरून हसायला लागला. "काकान एकेकाक धरून इचारल्यान. पयलो म्हणता, काका, व्हाळ ओलांडताना पाय लटपटाक लागले. म्हटला, गुन्हो तर झालो, निदान मत तरी देवाच्या माणसाक घालूया. माझा एक गेला म्हणान काय होता, बाकीची आसत मां तुमका! दुसरो पण ताच सांगता. तिसरो पण ताच!"

रस्त्याच्या कडेला आम्ही दोघे इतके हसलो की टांगेवाल्याने टांगा हळू केला. हसून झाल्यावर मी विचारले, "वडील काय म्हणाले?"

 "तेका हसाक येय नाय. म्हणालो, नेम मोडलेल्या माणसांच्या मतार मी निवडून इलंय. आता तेंका शिक्षा कशी लावू? मगे देवाक इचारल्यान, मेंबर म्हणान बसू काय नको. उजवो कौल झालो."

"मग?"

"मगे काय! परवा पयली सभा होती. सभेत काय बोलूचा, ठराव कसो मांडूचो, तेका खंय म्हायत? थेट काकाच्या घराक गेलो, म्हणालो, तुमका येता ता माका शिकवा. काका म्हणता, माझोच ठराव मोडूक मीच शिकवू? तुझो बापूस म्हणता, आणि कोणाक इचारू, गावात दुसऱ्या कोणाक येता?"

"आणि काका आले?"

"इलो. दोघय वांगडाच गेले सभेक," मासळीवाला म्हणाला. "वाटभर भांडत गेले."